सीटखालचा नारळ

आमची गाडी आवाज करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी जे काय झालं ते सगळं त्या शांततेमुळे झालं, आणि थोडंसं माझ्या लबाडीमुळे.

गाडी नातीची. नोकरी लागल्यावर तिने घेतली, हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर, दोन्ही एकाच बॉनेटखाली. हे दोघं एकमेकांशी कसं काय जुळवून घेतात, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर ती म्हणाली, एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा समज, एक दमली की दुसरी पुढे होते. मला दोन जावा आहेत, त्यामुळे ते मला काही पटलं नाही. पण उतारावर ब्रेक दाबला की त्यातूनच बॅटरी भरते, हे मात्र फार आवडलं. आमच्याकडे पावसाळा लागण्याआधी घरात पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, कांद्यांच्या माळा, चार महिन्यांची बेगमी. ही गाडी प्रत्येक उतारावर चिमूटचिमूट पुरुमेंत भरते. अशी सून मिळाली तर मी तिच्या हाताखाली काम करीन.

नात आठवडाभर कंपनीच्या बसने पर्वरीला जाते. गाडी आपली दारात उभी, गोठ्यातल्या भाकड गाईसारखी, नुसती खाऊन पिऊन. एका रविवारी मी तिला म्हटलं की मला शिकव. वय सहासष्ट होतं. तिने एकदा माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि चावी दिली. डिचोलीच्या आसपास खाणींचे रुंद, तांबडे रस्ते आहेत. एके काळी तिथून ट्रकांच्या रांगा जायच्या, आता मोर फिरतात. त्या रस्त्यांवर मी शिकले. सुरुवातीला एकच गोंधळ व्हायचा. बटण दाबलं तरी आवाज होत नाही, म्हणून मला वाटायचं गाडी चालू झालीच नाही, की मी परत दाबायची, ती बंद व्हायची, मी परत दाबायची. नात शेजारी डोळे मिटून बसून राहायची. तीन महिन्यांनी परवाना मिळाला. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने विचारलं, आजी, ह्या वयात कशाला. मी सांगितलं, तरुण होते तेव्हा वेळच मिळाला नाही.

हे खोटं होतं. तरुण असताना वेळ भरपूर होता. अक्कल नव्हती.

आता ती गोष्ट सांगावी लागणार, म्हणजे नाही सांगितली तर पुढचं कळणार नाही. माझं माहेर तेरेखोलच्या पलीकडे, रेडीच्या बाजूला. सासर डिचोलीला. मधे तेरेखोलची नदी, आणि ती ओलांडायला केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट. आमच्या माहेरचा गणपती पाच दिवसांचा, म्हणून चवथ आणि पंचम सासरी उरकायची आणि तिसऱ्या दिवशी माहेरी जायचं, अशी पद्धत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ह्यांनी, म्हणजे आमच्या नवऱ्याने, मला हौसेने गाडी चालवायला शिकवली होती. ते तेव्हा खाणीवर ट्रकांचे सुपरवायझर, त्यामुळे शिकवणं म्हणजे हात हलवणं आणि शिट्टी मारणं. आणि त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की माहेरी जायचं तर सासऱ्यांची मोटार स्वतः चालवत जायचं.

ती पंचवीस वर्षांची बया मला आज रस्त्यात भेटली तर मी तिला दोन गोष्टी सुनावीन. पाऊस थांबून आभाळ काळंकुट्ट असताना तिने काळा चष्मा घातला होता. मानेला रेशमी रुमाल. डाव्या हाताचं कोपर खिडकीवर ठेवायची तिला फार हौस होती, पण खिडकी उजव्या बाजूला, म्हणून उजवं कोपर खिडकीवर आणि एकटा डावा हात स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर सहा नारळ, केळ्यांचा घड आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. हे शेजारच्या सीटवर. आठ दिवस आधी तिने बाबांना पत्र टाकलं होतं की मी अकरा वाजता गाडी घेऊन येते. बाबांनी ते पत्र सगळ्या वाडीला वाचून दाखवलं असणार, कारण पलीकडच्या काठावर निम्मी वाडी छत्र्या घेऊन उभी होती.

केरीच्या धक्क्याचा उतार शेवाळलेला. फेरीबोट काठाला लागत होती, अजून लागली नव्हती. बोटीवरच्या खलाशाने हात वर केला. आमच्या बयेला वाटलं, आपल्या चष्म्याला, रुमालाला, एकूण थाटालाच तो हात वर करून मान देतोय आणि पुढे बोलावतोय. तिनेही हात वर केला, तोच एकटा डावा. स्टिअरिंग मोकळं. गाडी उतारावरून सरळ नदीत गेली.

कोणाला काही झालं नाही. पुढची चाकं आणि बॉनेट पाण्यात, मागचा भाग वर, बदकासारखा. दरवाजा उघडल्यावर केळी गेली. नारळ मात्र एक एक करून तरंगत बोटीच्या दिशेने निघाले, जणू ते तिकीट काढून आले होते. दोर लावून गाडी ओढायला वीस माणसं लागली. सासऱ्यांनी मोटार विकून टाकली, मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बाबा पुढच्याच फेरीने अलीकडे आले. गाडीकडे बघितलं नाही. नेवऱ्यांचा डबा उघडला, एक खाल्ली, आतलं सारण कोरडं आहे म्हणाले, आणि मग जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात विचारलं:

"फुडल्या चवथीक कितक्या वाजता येतलंस?"

पुढच्या वर्षी बसने केरीपर्यंत आले आणि पायी बोटीत चढले. लोकांना सांगायला लागले की मला गाडीत चक्कर येते. अकरा वर्षं, बाबा गेले तोपर्यंत, मी पायीच त्या धक्क्यावर उतरत राहिले. आणि दर वर्षी ते माझी पिशवी हातात घ्यायच्या आधी माझ्या पाठीमागे बघायचे, बोटीवर एखादी गाडी उभी आहे का म्हणून. मग तोच प्रश्न विचारायचे. मी हसून सोडून द्यायची. माझं हसणं त्या वेळी फार स्वस्त होतं.

आता क्लबकडे येते.

नातीसारख्या हायब्रिड गाड्या असणाऱ्या लोकांनी गोव्यात एक क्लब काढलाय. दोन महिन्यांतून एकदा सगळ्या गाड्या एका ओळीत एखाद्या निसर्गरम्य रस्त्याने जातात, कोणाची गाडी एका लिटरमध्ये जास्त जाते ते बघतात, आणि खातात. मला शेवटचा भाग ठाऊक होता म्हणून मी लगेच हो म्हटलं. ह्यावेळी नऊ गाड्या. डिचोलीहून निघायचं, मुळगाव, अस्नोडा, कोलवाळचा पूल, पेडणे, कोरगाव, हरमल आणि केरी. केरीहून गाड्या फेरीबोटीवर चढवून तेरेखोल. तिथे जेवण, आणि परत येताना आरोंद्याकडून पुलावरचा रस्ता.

नात म्हणाली, आजी, ह्यावेळी सगळी वाट तू चालव. मी हो म्हटलं. मग रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी मी तिला हळू आवाजात सांगितलं, केरीच्या आधी अर्धा किलोमीटरवर माझा गुडघा दुखेल. तू पुढे बस, मी मागे बसते, गाडी बोटीवर तू चढव, आणि आजोबांना काही बोलू नकोस. तिने कारण विचारलं नाही, म्हणजे तिला कारण माहीत होतं. आमच्या घरात नदीत गेलेली मोटार सगळ्यांना माहीत आहे. तिच्याबद्दल बोलत कोणी नाही.

त्या रविवारी सकाळी सात वाजता नऊ गाड्या आमच्या गावच्या देवळासमोर उभ्या राहिल्या. थंडीचे दिवस, धुकं होतं, माडांचे शेंडे दिसत नव्हते. क्लबचा अध्यक्ष पर्वरीचा दाताचा डॉक्टर, पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी आणि हातात नकाशा. त्याने प्रत्येक गाडीला एक एक वॉकीटॉकी दिली. मग ह्यांना वाटलं, एवढी माणसं एवढ्या वाटेने निघाली, तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसं जायचं.

आमच्याकडे कुठल्याही कामाला निघायचं तर देवासमोर गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात धरून एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, काय करणार आहोत, कोण कोण आहे, काय सांभाळ म्हणून, आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की ते ठरलं. त्यातून मागे यायचं तर दुसरा नारळ घेऊन, परत माणसांसमोर, दुसरं गाऱ्हाणं घालून माफी मागावी लागते. पणजी-म्हापशाच्या मुलांनी हे कधी बघितलं नव्हतं. ते मोबाईल काढून उभे राहिले.

हे सुपरवायझर होते तेव्हापासून त्यांचा आवाज दोन डोंगरांपर्यंत जातो. बा देवा म्हाराजा, आज ही नऊ लेकरां तुझ्या वाटेन निघाली, तेंच्या बॅटऱ्या भरलेल्यो ठेव म्हाराजा. व्हय म्हाराजा. वाटेत गाय, म्हस, कुत्रो आडवो येव नये म्हाराजा, ह्या गाड्यो आवाज करनत नाय, तेंका कळूचां नाय. व्हय म्हाराजा. पोरं हसत होती, पण म्हणत होती. मीही हात जोडून म्हणत होते. आणि मग ते माझ्याकडे न बघता पुढचं बोलले:

"आणि म्हाराजा, माझ्या घरवालीन आज केरीच्या धक्क्यावरसून गाडी फेरीत सोताच्या हातान चढवूची, मधीच तिचो गुडघो दुखूचो नाय."

पन्नास तोंडांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यात माझंही एक तोंड होतं. सवयीने.

म्हणजे ओट्यापाशी बोललेलं ह्यांनी ऐकलं होतं. मला वाटायचं, ह्यांना आता कमी ऐकू येतं. त्यांना फक्त जे ऐकायचं नसतं ते ऐकू येत नाही. मी गाडीत बसून बटण दाबलं, एकदाच, आणि निघाले. कोलवाळच्या पुलापर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे शेजारच्या सीटवर बसून खिडकीतून धुक्यातली शेतं बघत होते आणि गुणगुणत होते.

गाड्यांची ओळ मात्र सुंदर होती. नऊ गाड्या आणि आवाज नाही. अस्नोड्याच्या पुढे एक पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, भोंगा वाजवत मधोमध चालला होता आणि मी त्याच्या मागे दहा मिनिटं, त्याला पत्ताच नाही. शेवटी नातीने खिडकीतून सहा उंडे मागितले तेव्हा तो सायकलवरून उतरलाच, जवळजवळ पडला, आणि म्हणाला, बाय, भूत काय तुम्ही. वॉकीटॉकीवर डॉक्टर सांगत होता, पुढे वळण आहे, सावकाश, आणि सगळ्या गाड्यांमधून एकामागून एक उत्तर येत होतं, "व्हय म्हाराजा". त्याला दुसरं उत्तर मिळालं नाही दिवसभर. त्याने दोनदा सांगून बघितलं की फक्त 'ओके' म्हणा. त्यालाही "व्हय म्हाराजा" आलं.

पेडण्याला बाजारात चहा आणि नाश्ता. पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी. सगळे खायला बसले तशी मी म्हटलं, जरा बाजार बघून येते. आणि एक नारळ विकत घेतला. शेंडीचा, चांगला, पाण्याने भरलेला. विचार साधा होता. केरीला पोचायच्या आधी कुठेतरी झाडाखाली चार माणसं जमवायची, दुसरं गाऱ्हाणं घालायचं आणि ह्या बंधनातून मोकळं व्हायचं. नारळ पिशवीतून आणला आणि कोणी बघत नाही असं बघून ह्यांच्या सीटखाली ढकलला. माझ्या सीटखाली ठेवला असता तर ब्रेकखाली आला असता, एवढी अक्कल आता आली आहे.

पण एक गोष्ट लक्षात आली नव्हती. गाडीला आवाज नाही. म्हणजे दुसऱ्या प्रत्येक गोष्टीला आहे.

पेडण्याहून कोरगावकडे रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. काजूंना मोहोर आला होता, खाली कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, मधेच शेतात मिरचीच्या रांगा. पहिल्या वळणावर सीटखालून आवाज आला, घड घड, टक. दुसऱ्या वळणावर उलट बाजूने, घड घड, टक. नात मागून पुढे झुकली. आजी, हा कसला आवाज. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. तिसऱ्या वळणावर टक एवढ्या जोरात झालं की तिने घाबरून वॉकीटॉकीवर सांगितलं की आमच्या गाडीच्या खालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज येतोय. पुढच्याच क्षणी शिट्टी वाजली आणि नऊच्या नऊ गाड्या एका काजूच्या बागेशेजारी उभ्या राहिल्या.

डॉक्टर टॉर्च घेऊन आला. दाढ बघावी तसं त्याने बॉनेटमध्ये बघितलं. मग रस्त्यावर एक चटई घातली आणि उताणा होऊन गाडीखाली गेला. बाकीचे सगळे भोवती बसले, प्रत्येकाचं वेगळं मत. एकाने सांगितलं की बॅटरीचा खालचा पत्रा सैल झालाय. दुसऱ्याने त्याच्या गाडीला असंच झालं होतं असं सांगितलं, आणि ते त्या गाडीला झालं नव्हतं, कारण तिच्यात नारळ नव्हता. मी बाजूला उभी राहून गंभीर तोंड केलं. खरं सांगायला हरकत नव्हती. पण कशाला आणला हे विचारलं असतं, आणि ते सांगण्यापेक्षा मी डॉक्टरला संध्याकाळपर्यंत चटईवर ठेवलं असतं.

हे मात्र गाडीतच बसून होते, उंडा खात. मी परत बसले तेव्हा त्यांचा उजवा पाय सीटखाली गेला होता. गाडी उतारावर आली, नारळ पुढे घरंगळला, आणि टक झालं नाही. ह्यांनी तो दोन पायांमध्ये धरला होता. माझ्याकडे बघितलं नाही. कोरगाव, हरमल, सगळ्या वाटेवर तसंच धरून बसले. वॉकीटॉकीवर डॉक्टर अभिमानाने सांगत होता की एक स्क्रू घट्ट केल्यावर आवाज थांबला. व्हय म्हाराजा.

हरमलच्या पुढे सुरू होतात ती सुरूची झाडं, मग एकदम नदीचं तोंड आणि पलीकडे तेरेखोलचा डोंगर. मी सुरूच्या सावलीत गाडी थांबवायची म्हणून ठरवलं होतं, तिथे दुसरं गाऱ्हाणं. पण तोवर मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, बोट लागत होती. आणि मला काही कळायच्या आत मी धक्क्यावर होते, ओळीत पहिली.

उतार तसाच. शेवाळ तसंच. बोट काठाकडे येत होती. बोटीवरच्या खलाशाने हात वर केला.

मी थांबले. ह्यावेळी मला माहीत होतं की तो थाटाला मान देत नाही. थाट म्हणाल तर पांढरे केस, नातीची टोपी आणि गुडघ्याला पट्टा. बोट लागली, पुढचा लोखंडी पत्रा खाली पडला, त्याचा आवाज झाला, आणि खलाशाने हाताने बोलावलं, ये. माझा पाय ब्रेकवरून निघेना. त्याने परत बोलावलं. समोर पाणी होतं, तेच पाणी, मध्ये तो पत्रा, आणि पत्र्याच्या कडेला मला सगळे नारळ दिसत होते, एक एक करून जाणारे.

गाडी आवाज करत नाही. खलाशाला वाटलं बंद पडली. त्याने आणखी दोघांना हाक मारली आणि ते तिघे आमच्या मागे जाऊन गाडी ढकलायला हात लावून उभे राहिले. नात म्हणाली, आजी, मी बसू का पुढे. तिने ते इतक्या हळू विचारलं की मला रडू आलं असतं, पण तेव्हा ह्यांनी खाली वाकून नारळ वर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हो घे. दुसरां गाऱ्हाणां घालूचां आसात तर आताच घाल. मी सांगतंय, तू नुसती हात जोड. कोण तुका हसाक नाय."

आणि मग, खूप वर्षं पोटात धरून ठेवलेलं असावं तसं, नदीकडे बघत ते म्हणाले की त्या वेळी चूक अर्धी त्यांची होती. शिकवताना त्यांनी मला पुढे जाण्याची खूण आणि थांबण्याची खूण दोन्ही सारखीच दाखवली होती, हात वर. खाणीवर ट्रकवाल्यांना ते तसंच करायचे, शिट्टीवरून फरक कळायचा. फेरीवाल्याकडे शिट्टी नव्हती. हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं आणि आपल्या वडिलांच्या भीतीने ते बोलले नाहीत.

एकेचाळीस वर्षं. मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी किती वेळा बसच्या रांगेत उभी राहिले ते मनात आलं, आणि त्या बयेची मला पहिल्यांदाच थोडी दया आली. फार नाही. चष्मा तिचा तिनेच घातला होता.

मी नारळ त्यांच्या मांडीवर परत ठेवला. म्हटलं, धरून बसा, फुटेल. आणि ब्रेक सोडला.

गाडी बॅटरीवर निघाली, काही न बोलता. मागे ढकलणाऱ्या तिघांचे हात हवेत राहिले, एक पडता पडता वाचला. पुढची चाकं पत्र्यावर चढली, टक, मग मागची, टक, आणि आम्ही बोटीवर होतो, सरळ रेषेत, एका बाजूला एक वीत आणि दुसऱ्या बाजूला एक वीत. वॉकीटॉकीमधून आठही गाड्या एकदम ओरडल्या, "व्हय म्हाराजा". खलाशी हात झटकत आला आणि बोटीवरच्या सगळ्यांना सांगू लागला की आम्ही ढकलली म्हणून आली. मी त्याला तो मान घेऊ दिला.

पलीकडे जायला फेरीला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी एकदाही मागे बघितलं नाही. तेरेखोलच्या उतारावर गाडी चढवली, काठावर बाबा उभे राहायचे त्या जागेशेजारी थांबवली आणि घड्याळात बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सगळे उतरले तेव्हा मी नारळ हातात घेतला. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही, हे आपलं सांगते. हे मागे उभे राहिले. मी नदीकडे तोंड करून, माझ्या साध्या आवाजात, ह्यांच्यासारख्या डोंगरापर्यंत जाणाऱ्या नाही, सांगितलं:

"बाबा म्हाराजा, अकराक येतंय म्हणान सांगलेलंय. वीस मिन्टां उशीर झालो. वाटेत डाक्टरान गाडी तपासली."

कोणी हसलं नाही. मग सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा, आणि डॉक्टरने सगळ्यात मोठ्याने. नारळ फोडला, खोबरं वाटलं. डॉक्टरने सवयीने सांगितलं की खोबरं जपून चावा, दाढेत अडकतं.

जेवण झालं. तेरेखोलच्या माडांखाली माशाचं हुमण, सोलकढी, भात. लिटरच्या स्पर्धेत आमची गाडी शेवटून दुसरी आली. शेवटची डॉक्टरची, कारण तो उलटसुलट सगळ्यांना तपासत फिरला होता. दोन वाजता त्याने नकाशा उघडला आणि सांगितलं की आता सगळे आरोंद्याकडून पुलावरून परत जाऊ.

मी म्हटलं, तुम्ही जा. आम्ही फेरीने जातो.

नातीने विचारलं, कशाला, तो रस्ता लांबचा. ह्यांनी तिला डोळ्याने गप्प केलं. मी गाडी वळवली आणि परत त्या उतारावर पहिली जाऊन उभी राहिले. ह्यावेळी कोपर खिडकीवर ठेवलं. एकच, आणि दुसरा हात स्टिअरिंगवर, दोन बोटं घट्ट.

तो खलाशी मला ओळखून जवळ आला, खिडकीत वाकला.

"आजी, परत ढकलूची काय?"

मी सांगितलं, ढकल बाबा, तुझी हौस असेल तर ढकल. पण आधी हात वर कर.